कॉम्प्युटरवर बनवलेला आवाज खरा वाटतो का? पोट्टे नेहमी विचारतात ते प्रश्न

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा सीझन लागतो अन् त्याच्यासोबत माझ्या फोनवर व्हॉइस नोटचाही. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, कुठून कुठून पोट्टे विचारतात, कोणी नाटक कंपनीचा साऊंड बघतो, कोणी गावातच यूट्यूबसाठी एपिसोड बनवतो. प्रश्न तेच ते असतात म्हणून एका जागी लिहून काढले. नंबर टाकलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा नंबर दिसला तर तिथं जाऊन वाचा, मी परत लिहीत नाही.

१. सिंथेसाइज केलेला आवाज म्हणजे काय जी? रेकॉर्ड केलेल्यात अन् यात फरक काय?

रेकॉर्डिंगमध्ये पाऊस खरंच पडलेला असतो, तुम्ही फक्त माइक धरलेला असतो. सिंथेसाइजमध्ये पाऊस पडलेलाच नसतो, आवाज कॉम्प्युटरने शून्यातून किंवा जवळपास शून्यातून बनवलेला असतो. कोणी नॉइज (सगळे सूर मिसळलेली सपाट खरखर) घेऊन फिल्टरने छाटत बसतो, कोणी वस्तू आपटल्यावर कशी थरथरते त्याचं गणितच मांडतो (याला फिजिकल मॉडेल म्हणतात), कोणी खऱ्या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करून नव्याने पेरतो, अन् आता वाक्य टाइप केलं की आवाज देणारं एआय आलंच (प्र. १४). फुकटात शिकायचं असंल तर प्युअर डेटा नावाचं सॉफ्टवेअर आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते.

२. ऐकणारा माणूस नेमकं काय तपासतो? त्याच्या डोक्यात खऱ्या आवाजाची कॉपी असते का?

नाही. हाच मुद्दा समजला तर खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९७९ मध्ये नॅन्सी वँडरव्हीर या संशोधक बाईंनी लोकांना रोजचे आवाज ऐकवून विचारलं, काय ऐकू आलं? लोकांनी आवाजाचं वर्णन केलंच नाही, घडलेली गोष्ट सांगितली, कोणी कागद फाडला, कोणी जिना चढलं. आवाज बारीक होता की जाड, खरखरीत होता की गुळगुळीत, हे लोक तेव्हाच बोलले जेव्हा आवाज कशाचा हेच त्यांना कळलं नाही. पुढे १९९३ मध्ये विल्यम गेव्हर यांनी हीच गोष्ट नीट मांडली की गाणं ऐकताना आपण सूर-ताल ऐकतो, पण रोजच्या ऐकण्यात कोण, कशावर, किती जोरात आदळलं ते ऐकतो.

म्हणजे तुमचा प्रेक्षक आवाज तपासत नाही, घटना तपासतो. "असं खरंच घडलं असतं तर असाच आवाज आला असता का" एवढंच त्याचं डोकं विचारते, अन् तेही त्याच्या नकळत. म्हणून स्पेक्ट्रम (कोणत्या सुराला किती जोर त्याचा नकाशा) खऱ्या आवाजाशी तंतोतंत जुळवूनही आवाज खोटा वाटू शकतो, अन् काहीच न जुळता खरा वाटू शकतो (प्र. ७).

३. माठ फुटल्याचा आवाज बनवला, पण सगळे म्हणतात माठ पडला, फुटला नाही. काहून?

कारण तुमच्या तुकड्यांचा ठेका एकच आहे.

१९८४ मध्ये वॉरेन आणि व्हर्ब्रुग यांनी नेमका हाच प्रयोग केला, काचेच्या वस्तू घेऊन. वस्तू न फुटता उसळली तर टप… टप.. टप.टप असा एकच क्रम येतो अन् मधलं अंतर कमी कमी होत जाते. फुटली तर प्रत्येक तुकडा आपापला उसळतो, प्रत्येकाचा क्रम वेगळा, सगळे एकमेकांत घुसलेले. त्यांनी तुकड्यांचे तेच आवाज घेतले अन् फक्त वेळ बदलली. सगळे तुकडे एका ठेक्यात वाजवले की लोक म्हणाले उसळलं, आपापल्या ठेक्यात वाजवले की म्हणाले फुटलं. आवाज तेच होते, निर्णय वेळेवर झाला.

तर करायचं असं, आधी एक "धप्प", जाड अन् लगेच मरणारा. त्यावर सहा-सात खापऱ्या, प्रत्येकीचं वेगळं ट्रॅक, प्रत्येकीची उसळी वेगळ्या क्षणी सुरू होणारी अन् वेगळ्या वेगाने आटपणारी. मोठी खापरी एक-दोनदाच उसळते अन् डोलत बसते, बारीक खापऱ्या जास्त वेळ किणकिणतात पण हळू. माती आहे, काच नाही, म्हणून वरचा झणझणाट ठेवू नका. अन् माठात पाणी होतं का? बरेच जण हेच विसरतात. भरलेला माठ फुटला तर खापऱ्या फार उड्या मारत नाहीत, पाण्याचा फसकन आवाज त्यांच्यावर चढतो. नाटकात बाई पाणी भरून येते अन् माठ कोरडा फुटतो, असं मी स्वतः बसून ऐकलं आहे, अन् शेजारचे आजोबा लगेच बोलले, "खाली होता वाटते."

४. पावसाचा आवाज बनवला तर जुन्या टीव्हीच्या मुंग्यांसारखा खरखर येतो. काय चुकते?

तुम्ही फक्त सरासरी जुळवली. कोणत्या पट्टीत (जाड ते बारीक सुरांचा एकेक टप्पा) किती जोर आहे ते खऱ्या पावसासारखं केलं, पण तेवढ्याने सगळं नॉइजसारखंच ऐकू येते.

यावर सगळ्यात कामाचं संशोधन जॉश मॅकडरमॉट आणि ईरो सिमोन्चेली यांचं, २०११ चं. पाऊस, ओढा, जाळ, रातकिडे असे सलग चालणारे आवाज त्यांनी घेतले, कानाच्या आत जशा पट्ट्या पाडल्या जातात तशा पाडल्या, अन् प्रत्येक पट्टीतला जोर कसा खालीवर होतो, किती वेळा अचानक उसळतो, शेजारच्या पट्ट्या सोबत उसळतात का, याचे आकडे काढले. मग साधा नॉइज घेऊन त्याला ते आकडे जुळेपर्यंत वळवलं. लोकांनी ऐकून पाऊस म्हणजे पाऊस, जाळ म्हणजे जाळ ओळखला. नुसती पट्ट्यांची सरासरी जुळवली होती तेव्हा मात्र ओळखणं फारच कमी झालं. पाऊस म्हणजे लाखो छोटे धक्के, अन् प्रत्येक धक्का बऱ्याच पट्ट्यांत एकाच वेळी उठतो, ते "एकाच वेळी" हरवलं की खरखर उरते.

घरगुती इलाज सांगतो. खाली नॉइजचा पातळ थर ठेवा अन् त्याच्यावर सुटे थेंब पेरा, थोडे मोठे, बरेचसे बारीक, अंतर कधीच सारखं नको. आता हा पाऊस पडते कशावर ते ठरवा. टिनावर पडला तर प्रत्येक थेंबाला पत्र्याची छोटी झणक पाहिजे अन् सर आली की बोलणं ऐकू येत नाही एवढा जोर पाहिजे. कवेलूवर तोच पाऊस दबका येतो, तिथं पावसापेक्षा वळचणीची धार जास्त ऐकू येते. अंगणात डबकं साचलं की "डुबुक" सुरू होते, अन् ते पाण्याचं नसतेच, पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचं असते. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्येच याचं सूत्र दिलं, एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झवर (सेकंदाला तेवढ्या थरथरी) वाजतो, तीन मिलिमीटरचा ११०० च्या आसपास. म्हणजे एक छोटी साइन वेव्ह (एकच साधा सूर), पटकन मरणारी, शेवटी सूर किंचित वर जाणारा, असे शे-दोनशे डुबुक केले की डबकं तयार.

एक अपवाद लक्षात ठेवा, हे आकड्यांचं तंत्र सलग आवाजालाच चालते. ज्यात ठेका आहे, सूर आहे किंवा बोलणं आहे, म्हणजे देवळाची घंटा किंवा ढोलकी, तिथं त्याच संशोधनात ते फसलं.

५. दहा सेकंदाचा लूप (तोच तुकडा परत परत) लावला तर लोकांना कळते का?

कळते, अन् तुम्हाला वाटते त्याच्या आधी कळते. १९६३ मध्ये गटमन आणि जुलेझ यांनी साध्या नॉइजचा तुकडा परत परत वाजवला, ज्यात पकडण्यासारखं काहीच नाही, तरी तुकडा साधारण एक सेकंदापर्यंतचा असंल तर लोकांना पुनरावृत्ती आपोआप जाणवली. २०१० मध्ये आगुस, थॉर्प आणि प्रेसनित्झर यांनी दाखवलं की तोच नॉइज पुन्हा पुन्हा मध्ये आला तर कान तो नकळत शिकतो अन् काही आठवड्यांनीही त्याची आठवण राहते.

दहा सेकंदाच्या लूपमध्ये नुसता सपाट पाऊस असंल तर निभते. मॅकडरमॉट यांच्याच २०१३ च्या कामात दिसलं की एकाच पावसाचे दोन तुकडे जसे लांब होतात तसे वेगळे ओळखणं उलट अवघड जाते, कारण कान एकेक थेंब नाही, सरासरी लक्षात ठेवतो. पण त्या दहा सेकंदात एक कावळा ओरडला की खलास, दुसऱ्या फेरीत प्रेक्षक त्या कावळ्याची वाट बघत बसते. म्हणून वेगळे उठून दिसणारे आवाज लूपमधून काढा अन् हाताने टाका. अन् एकच लूप लावण्यापेक्षा १७, २३ अन् ३१ सेकंदांचे तीन थर एकमेकांवर लावा, ते परत एका जागी जुळायला तीन तासांच्या वर लागतात.

६. लाकूड, लोखंड, काच हे कानाला कसं कळते?

मुख्यतः आवाज किती लवकर मरतो त्यावरून. लाकूड लगेच बसते, लोखंड रेंगाळते. १९८८ मध्ये वाइल्ड्स आणि रिचर्ड्स यांनी हा विचार मांडला, २००० मध्ये क्लात्झकी, पै आणि क्रोत्कोव्ह यांनी सिंथेसाइज केलेले आवाज लोकांना ऐकवून तपासला, अन् सुरापेक्षा मरण्याचा वेग जास्त कामाचा निघाला. पण लोक लाकूड-प्लास्टिक अन् लोखंड-काच असे दोन गट चांगले ओळखतात, एका गटातल्या गटात गोंधळतात, तिथं मग वस्तूचा आकार लागतो, बारीक सूर म्हणजे काच, जाड सूर म्हणजे लोखंड असा अंदाज करतात. म्हणून विळा आपटल्याचा आवाज पेल्यासारखा वाटत असंल तर सूर खाली आणा, बाकी हात लावू नका.

७. खरं रेकॉर्डिंग लावलं तरी लोक म्हणतात खोटं आहे! हे कसं काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. समजा तुम्ही खरी बैलबंडी रेकॉर्ड केली. आता बंडीला रबरी टायर आले, बेअरिंग आले, ती चालते तेव्हा आवाज येतो तो बैलांच्या खुरांचा, थोडा टायरखाली गोट्याचा, घुंगरं असली तर घुंगरांचा. प्रेक्षकाच्या डोक्यात मात्र लाकडी चाक अन् त्याची करकर बसलेली आहे. रेकॉर्डिंग खरं आहे, पण त्याच्या मनातल्या घटनेशी जुळत नाही, तर तो खोटं म्हणणारच.

दुसरं कारण, नुसता आवाज फार कमी सांगतो. जेम्स बॅलस यांनी १९९३ मध्ये ४१ रोजचे आवाज घेऊन तपासलं, ज्या आवाजाची कारणं जास्त असू शकतात तो ओळखायला लोकांना जास्त वेळ लागतो. कढईत भजे, टिनावरचा पाऊस, शेतात जळणारी पऱ्हाटी, डोळे झाकून ऐका, एकमेकांचे भाऊ वाटतात. दिसणारा सीन सांगतो की हे भजे आहेत, मग कान मानतो.

सिनेमावाल्यांना हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली (१८९१–१९६७) यांच्या नावाने या कामालाच फोली म्हणतात, अन् त्यात घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांनी, बर्फातली पावलं कॉर्नस्टार्चच्या पिशवीने, जाळ सेलोफेनच्या कागदाने करतात. आपल्याकडे पत्रा हलवून मेघगर्जना करतातच की. हे आवाज "खोटे" आहेत पण घटना स्वच्छ सांगतात, अन् खरं रेकॉर्डिंग सोबत वारा, दूरचा ट्रॅक्टर, माइकची सुस्कार असं सगळं घेऊन येते.

म्हणून माझं मत, खरं रेकॉर्डिंग हे देव नाही. ते मोजपट्टी म्हणून ठेवा, पण निकाल लोकांना देऊ द्या.

८. पावलांचे आवाज रोबोटसारखे येतात.

एकच सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) परत वाजवता म्हणून. खरा माणूस दोनदा सारखं पाऊल टाकतच नाही, टाच आधी, मग पंजा, डावं-उजवं थोडं वेगळं, दोन पावलांमधलं अंतर किंचित हलतं. कमीत कमी आठ-दहा वेगळी पावलं घ्या, सलग दोनदा तेच येऊ देऊ नका, जोर अन् सूर थोडा हलता ठेवा. पण फार हलवलं तर माणूस दारू पिऊन चालल्यासारखा वाटतो (सीन तसा असंल तर ठीक).

लोक पावलांमधून बरंच काही ऐकतात. ली, लोगन आणि पास्तोर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की नुसत्या पावलांवरून चालणारा पुरुष की बाई हे लोक अंदाजापेक्षा बरंच चांगलं ओळखतात. तर आजी चालत असताना पहेलवानाची पावलं लावू नका, लोकांना खटकते, काय खटकलं ते त्यांना सांगता येत नाही. जमीन कोणती तेही बघा. ओल्या धानाच्या बांधीत पाय काढतानाचा "चपक" हा रुतण्यापेक्षा मोठा असतो, त्याच्याविना चिखल वाटतच नाही.

९. गुंड (पाण्याची घागर) भरतानाचा आवाज नळाच्या आवाजापेक्षा वेगळा कसा करायचा?

गुंड भरत जातो तशी आतली हवेची जागा कमी होते अन् सूर वर चढतो. केब आणि पिटेंजर यांनी २००० मध्ये दाखवलं की नुसत्या ऐकण्यावरून, डोळे झाकूनही, लोक भांडं काठापर्यंत बरोबर भरू शकतात. हँडपंपावर बाया गप्पा मारता मारता बरोबर वेळेवर गुंड उचलतात ते यामुळेच. सूर चढवला नाही तर प्रेक्षकाला ते भांडं कधी भरतच नाही असं वाटते. पंपाचा दांडा दाबला की धार येते, सोडला की कमी होते, तोही ठेका ठेवा.

१०. आवाज चांगला आहे पण सीनमध्ये चिकटवल्यासारखा वाटते.

घुमारा जुळत नाही, म्हणजे रिव्हर्ब. ट्रेअर आणि मॅकडरमॉट यांनी २०१६ मध्ये मजेदार काम केलं, ७ जणांना दोन आठवडे दिवसातून २४ वेळा मेसेज करून विचारलं की आत्ता तुम्ही कुठं आहात, मग त्या जागांवर जाऊन २७१ ठिकाणचा घुमारा मोजला. निघालं असं की जागा कितीही वेगळ्या असल्या तरी घुमारा मरण्याची रीत ठरलेली आहे अन् बारीक-जाड आवाज आपापल्या वेगाने मरतात. या रीतीच्या बाहेरचा कृत्रिम घुमारा लोकांना लगेच अनैसर्गिक वाटला.

प्रीसेटमध्ये (सॉफ्टवेअरच्या तयार सेटिंगमध्ये) "मोठा हॉल" असतो तो शेतातल्या सीनला लावू नका, उघड्या शेतात घुमारा जवळपास नसतोच. मातीच्या घरात, शेणाने सारवलेल्या भिंतींमध्ये तो कोरडा अन् छोटा, सिमेंटच्या रिकाम्या खोलीत टणटणीत, विहिरीत वरून हाक मारली तर लांब. दूरचा आवाज करताना फक्त व्हॉल्यूम कमी करू नका, वरचा कडक भागही कापा, हवा तोच आधी खाते. लांबची वीज घरघरते अन् जवळची तडकते ते त्याच्यामुळेच, अन् लखलखाटानंतर प्रत्येक किलोमीटरला साधारण तीन सेकंद मोजून मग गडगडाट आणा.

११. लॅपटॉपवर मस्त वाटते, मोबाईलवर खोटं वाटते. काहून?

मोबाईलच्या स्पीकरमध्ये जाड आवाज निघतच नाही. धप्प, गडगडाट, ट्रॅक्टरची धडधड सगळं तिथंच मरते अन् उरते ती वरची टिकटिक. गिगी, किड आणि वॉटसन यांनी २००४ मध्ये रोजच्या आवाजांना पट्ट्यापट्ट्यांत कापून ऐकवलं तेव्हा ओळखण्यासाठी साधारण १,२०० ते २,४०० हर्ट्झचा पट्टा सगळ्यात कामाचा निघाला. चांगली बातमी ही की तो पट्टा मोबाईलमध्ये नीट येतो. म्हणून घटनेची ओळख तिथं ठेवा, खालचा जोर बोनस समजा. अन् नाटकाच्या मंडपात उलटं असते, तिथं बेस इतका चढवलेला असतो की ओळखीचा पट्टाच बुडतो.

१२. गावातच टेस्ट घ्यायची आहे, आवाज खरा वाटतो का. कशी घेऊ?

"कसा वाटला?" असं विचारू नका. ओळखीचा माणूस तोंडावर "भारी" म्हणतो अन् घरी जाऊन हसतो.

खरे अन् बनवलेले आवाज सारख्या संख्येने मिसळा, क्रम चिठ्ठ्या काढून ठरवा, अन् प्रत्येकाला एकच विचारा, हा खरा की बनवलेला? खरे मिसळणं गरजेचं, कारण काही जण संशयी असतात, सगळ्यालाच "बनवलेला" म्हणतात, मग तुमचा बनवलेला १०० टक्के पकडला गेला असं दिसते, पण त्याने खऱ्यालाही बनवलेलाच म्हटलं आहे. खऱ्याला "बनवलेला" किती वेळा म्हटलं अन् बनवलेल्याला किती वेळा, या दोघांमधला फरक बघायचा. १६ वेळा विचारलं अन् १२ किंवा जास्त बरोबर आले तर तो माणूस खरंच ओळखतो आहे असं धरायला हरकत नाही, नुसत्या अंदाजाने तेवढं यायची शक्यता ४ टक्क्यांपेक्षा कमी आहे. १६ पैकी ९ आले तर ओळखतो असं म्हणता येत नाही, पण एवढ्यावरून आपला आवाज पास झाला असंही धरू नका.

सगळ्या आवाजांचा जोर आधी सारखा करा. थोडा मोठा आवाज लोकांना "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो, इथं भल्याभल्यांची टेस्ट वाया जाते. ज्याने आवाज बनवला त्याने टेस्ट घेताना समोर बसू नये, चेहऱ्यावर सगळं दिसते.

मार्क द्यायचे असतील तर १ ते ५ चालते. मोठ्या लॅबमध्ये मुश्रा नावाची पद्धत आहे, ० ते १०० मार्क, त्यात मूळ आवाज लपवून ठेवतात अन् ३.५ किलोहर्ट्झवर कापलेला मुद्दाम खराब आवाजही ठेवतात. लपवलेल्या मूळ आवाजाला जो १५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा ९० च्या खाली मार्क देतो त्याचा निकाल धरत नाहीत. पण ही पद्धत कॉम्प्रेशन (फाइल लहान करणं) वगैरे तपासायला बनली, तिथं मूळ आवाज सगळ्यात चांगला हे गृहीत आहे. आपल्याकडे बनवलेला आवाज मूळापेक्षा जास्त खरा वाटू शकतो (प्र. ७), मग ती चाळणी चांगल्या ऐकणाऱ्यालाच बाहेर काढते. तेव्हा आपल्या कामाला खरा-की-बनवलेला हेच बरं.

१३. टेस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून घेतली तर?

आवाज व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, तो पिळला जातो, खरा अन् बनवलेला दोन्ही सारखेच खराब होतात अन् तुम्हाला वाटते आपला आवाज पास झाला. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हेडफोन लावले का हे नुसतं विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. २०१७ मध्ये वूड्स अन् त्यांच्या साथीदारांनी एक युक्ती काढली, तीन सूर ऐकवायचे, सगळ्यात हळू कोणता ते विचारायचं, त्यातला एक सूर डाव्या-उजव्यात उलटा केलेला असतो. स्पीकरवर तो हवेत कटून हळू वाटतो, हेडफोनवर कटत नाही. म्हणजे जो फसला त्याने स्पीकरवर ऐकलं.

१४. एआयला लिहून दिलं की आवाज मिळते, मग हे सगळं कशाला?

मिळते, अन् बरेचदा चांगला मिळते. लिहिलेल्यावरून आवाज बनवणारं २०२२ चं ऑडिओजेन, २०२३ चं ऑडिओएलडीएम, तिथून गाडी फार पुढे गेली. पण निकाल कोण लावते ते बघा. २०२३ च्या डीकेस स्पर्धेत (कॉम्प्युटरने आवाज ओळखण्या-बनवण्याची स्पर्धा) फोलीसाठी वेगळा विभाग होता, कुत्र्याचं भुंकणं, पावलं, गोळी, कीबोर्ड, चालती गाडी, पाऊस अन् शिंक-खोकला अशा सात प्रकारचे आवाज मशीनने बनवायचे. आधी आकड्याने चाळणी झाली (फ्रेशे ऑडिओ डिस्टन्स, म्हणजे बनवलेल्या आवाजांचा ढीग खऱ्यांच्या ढिगापासून किती दूर), पण शेवटी माणसांना बसवून ऐकवावंच लागलं. आकडा ढिगाचा आहे, एकेका आवाजाचा नाही.

माझा अनुभव, सलग आवाज एआय छान करते, पाऊस, वारा, गर्दी. क्रमाने घडणाऱ्या गोष्टीत घसरते. "दोराने बादली विहिरीत सोडली अन् भरून ओढली" असं लिहिलं तर रहाट आहे, पाणी आहे, पण बादली भरायच्या आधीच वर येते. अन् "पोळा" लिहिलं तर काय येईल ते तुम्हीच बघा.

१५. पुण्याचा एडिटर म्हणतो एकदम खरा, आमच्या गावचे म्हणतात खोटा. कोणाचं ऐकू?

ज्याच्यासाठी बनवता त्याचं. ज्याने जो आवाज जास्त ऐकला त्याचा कान त्यात बारीक. ताडोब्याच्या कडेच्या गावात वाघाचा सीन सिनेमातल्या डरकाळीने करा, लोक हसतील, कारण त्यांना माहीत आहे की वाघ फिरत असला की आधी चितळ अन् वानर ओरडतात, वाघ बहुतेक गप्पच असतो. शहरातल्याला नुसती वानराची खेकस लावली तर त्याला काहीच कळणार नाही. दोघांना एकच आवाज पुरत नाही हे मान्य करा अन् टेस्टमध्ये (प्र. १२) कोण कुठला हे लिहून ठेवा, नाहीतर सरासरीत दोघांचंही मत बुडते.

१६. ओळखता आला म्हणजे खरा वाटला, असं धरू का?

नाही. कार्टूनमधला कुत्रा सगळ्यांना ओळखू येतो, खरा कोणालाच वाटत नाही. उलटही होते, अगदी खरा आवाज पण कशाचा तेच कळत नाही. अन् "आवडला का" हा तिसराच प्रश्न. तिन्ही वेगळे विचारा, एकाच फॉर्मवर एकाखाली एक टाकू नका, लोक पहिल्यालाच बघून बाकीचे भरतात.

१७. आवाज अन् चित्र किती मागेपुढे चालते?

टीव्ही प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की लोकांना जाणवायला लागते. उशीर जास्त चालतो, कारण जगात आवाज उशिराच येतो, बांधावर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते. मंडपात तर ३४ मीटर मागे बसलेल्याला स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज तसाही ०.१ सेकंद उशिरा पोचतो, म्हणून थापडीचा आवाज सोडणाऱ्याने अजून उशीर करू नये, पुढच्या रांगेला जुळेल असंच बटण दाबायचं.

१८. सीनशी न जुळणारा आवाज दाबला जातो की उठून दिसतो?

उठून दिसतो. गिगी आणि शफिरो यांच्या २०११ च्या कामात, ज्या जागी जो आवाज अपेक्षित नाही तिथं तो उलट जास्त ओळखला गेला, फक्त तो अगदीच हळू नको. म्हणून जुन्या काळाच्या नाटकात मागे बोअरच्या मोटरची घरघर राहिली असंल तर "कोणाला कळते" म्हणू नका. पण लपवायचं नसून लक्ष वेधायचं असंल तर हीच गोष्ट वापरा, शांत वाड्यात एकच बांगडी वाजली पाहिजे.

१९. वाघाचा आवाज बनवला, रात्री गावाबाहेर स्पीकरवर लावून लोक घाबरतात का बघू का? खरी टेस्ट होईल.

अजिबात नको. लोक काठ्या-टॉर्च घेऊन निघतील, अंधारात कोणी विहिरीत पडेल, अन् जंगलाला लागून असंल तर प्राण्यांनाही त्रास, फॉरेस्टवाले येतील ते वेगळं. शिवाय टेस्ट म्हणूनही ती बेकार, कारण अंधारात जीव वाचवायचा असतो तेव्हा माणूस खराब आवाजालाही वाघच समजतो, तुमचा आवाज चांगला होता की भीती मोठी होती हे वेगळं काढता येत नाही. दिवसा, चावडीवर, हेडफोन देऊन, प्र. १२ प्रमाणे घ्या.